माळ्यावरचं घुमट: सुंवारी, मांडो, धालो यांची मुळं कुठली?

डिचोलीकर

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

गेल्या आठवड्यात जुन्या घराचा माळा उतरवला. तांब्याचे हंडे, मोडका पाळणा, माटोळीची (गणपतीवर फळं-पानं टांगतात ती) लाकडी चौकट, आणि सगळ्यांच्या मागे सुंभात गुंडाळलेलं आजोबांचं घुमट. कातडं मधोमध टरकलेलं, कडेला उंदरांनी कुरतडलेलं. मडकं मात्र शाबूत. एक चीरसुद्धा नाही.

गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो. घुमट म्हणजे भाजलेल्या मातीचं वाद्य. पोट फुगीर, दोन तोंडं. एक रुंद, त्यावर कातडं. दुसरं अरुंद, ते उघडंच. दोरीने गळ्यात अडकवायचं किंवा बसून मांडीवर घ्यायचं. उजव्या हाताची बोटं कातड्यावर, डावा तळवा उघड्या तोंडावर. तळवा झाकला की आतली हवा कोंडते, सोडला की सुटते, आणि तो पोटातून आल्यासारखा खोल आवाज निघतो. आमच्या घरात हे फक्त चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, खाली यायचं. आरती झाली की परत माळ्यावर.

आता मूळ मुद्दा. रविवारी माझा दक्षिण गोव्यातल्या सासष्टीचा मित्र घरी आला होता. ख्रिस्ती, वयाने माझ्याहून मोठा, चर्चच्या कॉयरमध्ये व्हायोलिन वाजवायचा. त्याने ते फाटकं घुमट पाहिलं, विचारलंही नाही, ओसरीवर बसून मांडीवर घेतलं आणि कातडं नाही म्हणून मडक्याच्या काठावरच बोटं चालवली. डावा तळवा तोंडावर. मंद, झोका घेतल्यासारखी लय. मांडोची, म्हणजे ख्रिस्ती लग्नांत गायच्या-नाचायच्या कोकणी गाण्याची. आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "अरे, ह्यांचं घुमट कोण वाजवतंय?"

लेकीच्या शाळेत मात्र तिला असं लिहून दिलंय की 'मांडो हा पोर्तुगीजांनी आणलेला नाच आणि घुमट आरती ही हिंदूंची परंपरा'. मित्राने ते वाचलं आणि वही मिटून ठेवली. बोलला काहीच नाही, पण चहा अर्धा टाकून गेला.

तर जाणकारांनो, घुमटावरची सुंवारी, हा मांडो, बायकांचे धालो, ह्या सगळ्याची मुळं नक्की कुठे आहेत?

ठाणेकर_नाना

छान धागा. कबूल करतो, शीर्षक वाचून मला वाटलं देवळाच्या घुमटाचा काही प्रकार माळ्यावर सापडला! आमच्याकडे 'तो घुमट', तुमच्याकडे 'ते घुमट'. आवाज दोन्हीत घुमतो म्हणा.

सुंवारी म्हणजे काय ते कोणी सांगेल का? आरतीचाच प्रकार आहे का?

पेडण्याची_पोर

नानाकाका, आरती वेगळी आणि सुंवारी वेगळी. सुंवारी हे वादन आहे, मेळ जमवून करायचं. चार-सहा घुमटं, एक शमेळ आणि एक कांसाळं. शमेळ लाकडी, दोन बारीक काठ्यांनी वाजतो. तोच लय धरून ठेवतो, घुमटं त्याच्याभोवती फिरतात. कांसाळं म्हणजे काशाच्या जाड झांजा. हलक्या समजू नका, अर्ध्या तासात दंड भरून येतात.

सुरुवात सावकाश. मग गाणं येतं, ते मराठी. फाग, चंद्रावळ, खाणपद अशी त्याची अंगं. गाणं थांबलं की घुमटं सुटतात. आमचे मामा तेव्हा डोळे मिटून घ्यायचे आणि आम्ही पोरं त्यांची डाव्या हाताची हालचाल बघत बसायचो. उजव्या हाताने सगळेच वाजवतात, डावा हात ज्याला आला त्यालाच घुमट आलं, असं मामा म्हणायचे.

चवथीच्या आरतीला समर्थांच्या आरतीने सुरुवात होऊन पुढे तासभर चालायचं. विठ्ठलाची, दत्ताची, गावच्या देवाची. शेवटी खाजं आणि चणे मिळायचे, पोरं त्यासाठीच जागी असायची हे गुपित नाही.

एक तक्रार: घुमट पुरुषांच्या हातात. आम्ही मुली माजघरात फुगड्या घालायचो. तेव्हा कधी हाताला लागलं नाही. आता पन्नाशीला आल्यावर बायकांच्या आरती पथकात शिकतेय. डावा हात अजून ऐकत नाही.

तर्ककर्कश

मुळं कुठली हे विचारायची गरजच काय? गाणं मराठी, आरती मराठी, दशावतारी काला मराठी, रणमालं हे लोकनाट्य मराठी. 1526 साली कृष्णदास शामाने श्रीकृष्णचरित्रकथा मराठीत लिहिली, तीही सासष्टी पोर्तुगीजांच्या हातात जायच्या आधी. गोव्याच्या लोककलांचं मूळ मराठी आहे. मांडो वगैरे नंतरची दिवाणखान्यातली हौस.

मडगावची_मीरा

आला का भाषावाद! तिसऱ्याच प्रतिसादात. पैज जिंकले मी.

तर्ककर्कश, मी मराठीतच लिहिते, मराठीतच वाचते, घरात मात्र कोकणी. त्यामुळे दोन्हीकडून शिव्या खायची सवय आहे. भाषेचं तुम्ही सांगता ते अर्धंच खरं. देवापुढची भाषा मराठी होती. ओव्या, आरत्या, कीर्तन सगळं. अंगणातली भाषा कोकणी होती. धालोच्या गाण्यात दोन्ही एकमेकांत इतक्या मिसळल्या आहेत की एका ओळीत क्रियापद कोकणी आणि पुढच्या ओळीत मराठी. गाणाऱ्या बाईला त्यात काही वेगळं वाटत नाही. आणि थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1616 साली सासष्टीत ख्रिस्तपुराण छापतो तेव्हा मराठी ओवीच निवडतो, कारण लोकांच्या कानाला पुराण म्हटलं की तोच छंद ओळखीचा होता. नवख्रिस्ती लोक चर्चमध्ये ओव्या ऐकत होते! मग 'हे हिंदूंचं, ते ख्रिस्त्यांचं' कुठे कापणार?

मांडोबद्दल. माझ्या आजोळी शेजारी मांडो गाणारं घर होतं म्हणून थोडं सांगते. हा प्रकार एकोणिसाव्या शतकात सासष्टीतल्या खात्यापित्या ख्रिस्ती घरांत वाढला. राय, कुडतरी, लोटली ह्या पट्ट्यात. लग्नात म्हणायचे. गाणं कोकणी, विषय बहुतेक विरहाचा. दोन आवाज एकमेकांना धरून चालतात, एक वर, एक त्याच्या खाली तिसऱ्या सुरावर. ते मात्र चर्चच्या शाळेतून आलं. गावोगावच्या चर्चमध्ये मेस्त असायचा, तो पोरांना सूर वाचायला आणि व्हायोलिन शिकवायचा. पण तालाला काय? पियानो नाही, ड्रम नाही. घुमट.

नाचही बघा. बायकांच्या अंगावर तोरोप-बाजू, म्हणजे जरीचं वस्त्र कमरेला आणि वर सैल चोळी. हातात पंखा. पुरुष काळ्या कोटात. दोन रांगा समोरासमोर. पाय उचलायचे नाहीत, सरकवायचे. पुढे यायचं, जवळून जायचं, मागे हटायचं. शेजारच्या मावशी म्हणायच्या, मांडो पायाने नाही, मानेने नाचायचा असतो. तो संपला की दुलपद येतं, जलद आणि खोडकर, आणि मघाशी डोळे पुसणारी माणसं हसायला लागतात.

तर्ककर्कश

म्हणजे समोरासमोर दोन रांगा, कोट, पंखा. हेच तर म्हणतोय. युरोपातल्या नाचघरातून आलेलं. शाळेने चूक काय लिहिलं?

रानवाटा

सत्तरी तालुक्यातून लिहितोय. रेंज येते-जाते, तुकड्यातुकड्यात लिहीन.

समोरासमोर दोन रांगा म्हटल्यावर राहवेना. तर्ककर्कशराव, तुम्ही कधी पौषात आमच्याकडे आलात तर धालो बघा. आमच्या वाड्यावर अजून होतात. चांदण्याच्या रात्री, जेवणंखाणं आटोपल्यावर. फक्त बायका. जागा ठरलेली, तिला मांड म्हणतात. शेणाने सारवलेलं अंगण, मधे तुळस. वर्षभर तिथे आम्ही सुपाऱ्या वाळवतो, पण त्या पाच किंवा सात रात्री पायात वहाण घालून कोणी शिरत नाही.

बायका दोन रांगांत उभ्या राहतात. समोरासमोर. प्रत्येकीचा हात शेजारणीच्या कमरेला, म्हणजे अख्खी रांग एक अंग होते. एक रांग ओळ म्हणते आणि वाकत पुढे येते, तशीच मागे जाते. मग दुसरी रांग तीच ओळ उचलते. वाद्य काही नाही. ना घुमट, ना ढोल. फक्त गळे आणि पावलं. आधी धरतरीला, मांडाला, गावच्या देवतांना नमन. मग संसाराची गाणी, सासर-माहेर, रानातली पाखरं. शेवटच्या रात्री सोंगं निघतात, बायका पुरुषांचे कपडे घालून नकला करतात, आणि रंभा येते. काहींच्या अंगात भार येतो. मग मांड शिंपायचा आणि पुढच्या पौषापर्यंत बंद.

आता पुढे येणं, मागे जाणं, दोन रांगांनी गाणं वाटून घेणं, हे आमच्या आज्यांना कुठल्या नाचघरात शिकवलं?

मडगावची_मीरा

रानवाटा, टाळ्या.

मांडो धालोतूनच निघाला असं मात्र मी म्हणणार नाही. तोरोप-बाजू घालून सरकणाऱ्या त्या बायका जमीनदारांच्या घरच्या, धालोच्या मांडावर त्या बहुतेक गेल्याही नसतील. पण त्यांच्याकडे राबायला येणाऱ्या कुणबी आणि गावडा बायका जायच्या. अंगणातलं कधी ओसरीवर आलं आणि ओसरीवरचं दिवाणखान्यात, ह्याची नोंद कोणी ठेवत नाही.

लयवेडा

तालाचा विद्यार्थी म्हणून दोन गोष्टी.

एक, कातडं. जुन्या घुमटाला घोरपडीचं कातडं असायचं. पातळ, चिवट, ओढून बसवलं की बोटाच्या टोकाला लखलखीत उत्तर देतं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे मारणं तर सोडाच, कातडं बाळगणंही गुन्हा. आता शेळीचं वापरतात. 2019 साली सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, ते ह्या शेळीच्या कातड्याच्या घुमटालाच. जुनी माणसं नाक मुरडतात. शेळीचं जाड पडतं, आवाज थोडा बसका येतो हे खरं. पण घोरपड उरली तर रानवाटांच्या रानात उरेल, आपल्या माळ्यावर नको. डिचोलीकर, तुमचं कातडं फाटलंय ते एका अर्थी बरंच झालं.

दुसरी गोष्ट, घुमटाची भावंडं. गावडा आणि कुणबी समाजात म्हादळें असतं, तेही मातीचंच, पण लांबट आणि दोन्ही तोंडांना कातडं. जागराला, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्याला, वाजतं. मातीचं भांडं घेऊन त्यावर कातडं ओढणं ही कल्पना दूरवर सापडते. आंध्रात बुर्रकथा ह्या कथागायनातले साथीदार मातीचं गुम्मेटं वाजवतात. काश्मीरमध्ये तुंबकनारी आहे. त्यामुळे 'घुमट फक्त आमचं' असं छाती ठोकून म्हणू नये. आमचा आहे तो डावा हात.

कारवारी_बांगडा

लयवेडा, आंध्रापर्यंत गेलात आणि काळी नदी ओलांडून आमच्याकडे बघितलंही नाही! निषेध.

आमच्या उत्तर कन्नडात हालक्की वक्कलिगा लोक गुमटे वाजवतात, होळीच्या सुग्गी नाचात आणि एरवीही. त्याच्याही खाली उडुपीकडे, बारकूरच्या बाजूला, कुडुबी समाज आहे. होळीला ते गळ्यात गुमटे अडकवून घरोघर नाचतात, डोक्याला फेटा, त्यात अबोली. गाणी कोकणी. घरात कोकणी, बाहेर कन्नड. हे लोक पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोवा सोडून खाली गेले असं त्यांच्यातच पिढ्यान् पिढ्या सांगतात.

म्हणजे विचार करा. माणसं घर सोडून पळताना काय नेतात? देव नेतात. बियाणं नेतात. ह्यांनी मडकं नेलं. आता मुळांचा पुरावा आणखी कुठला हवा? धर्मांतराच्या आधीच गावड्यांच्या गळ्यात घुमट होतं. काही गेले ते घेऊन गेले, काही राहिले आणि ख्रिस्ती झाले, त्यांनी ते मांडीवर ठेवलं.

तर्ककर्कश

हा मुद्दा चांगला आहे, मान्य. मी मांडोला 'हौस' म्हटलं ते मागे घेतो. भाषेबद्दलचं नाही!

पेडण्याची_पोर

तर्ककर्कशांनी काहीतरी मागे घेतलं! ह्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवते.

ठाणेकर_नाना

पण मग एक विचारतो. इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, काळात तर सगळ्यावर बंदी होती ना? मग ख्रिस्ती घरांत घुमट टिकलं कसं?

मडगावची_मीरा

नानाकाका, बंदी होती, आणि बंदीचीच यादी आज आपल्याला सांगते की लोक काय काय करत होते. गोव्यातलं इन्क्विझिशन 1560 ते 1812, मधला थोडा खंड सोडला तर. 1736 सालचा एक लांबलचक जाहीरनामा आहे, त्यात लग्नात ओव्या म्हणू नका असंही आहे. म्हणजे इन्क्विझिशन बसून पावणेदोनशे वर्षं झाली तरी ख्रिस्ती घरांत ओव्या चालूच होत्या! नाहीतर बंदी कशाला घालतील?

आजही ख्रिस्ती लग्नाच्या आदल्या दिवशी रोस असतो. नारळाचा रस नवऱ्या मुलाला किंवा मुलीला लावतात आणि म्हाताऱ्या बायका झोती म्हणतात. चाल ऐका, ओवीची सख्खी बहीण आहे. आपली हळद आणि त्यांचा रोस, मधे फक्त क्रूस आहे.

आणि एक भूगोलाचं. तिसवाडी, बारदेश, सासष्टी ह्या जुन्या काबिजादी, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेले भाग, सोळाव्या शतकात गेलेले. तिथे देवळं पडली, बंदी कडक. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे, काणकोण वगैरे नव्या काबिजादी, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आल्या. तोवर तो पहिला आवेश ओसरला होता. म्हणून सुंवारी, रणमालं, घोडेमोडणी, गडे हे सगळं तुम्हाला ह्या बाजूला ठसठशीत दिसतं, आणि तिकडे तेच रूप बदलून चर्चच्या सावलीत दिसतं. शिवोलीचा जागर बघा, नाताळानंतरच्या सोमवारी. बारदेशातलं गाव. हिंदू आणि ख्रिस्ती मिळून करतात, रात्रभर.

चांदरची माणसं तर कार्निव्हालात मुसळ खेळतात. ख्रिस्ती माणसं, हातात मुसळं, ताल धरून गावभर. चांदर म्हणजे जुनं चंद्रपूर, भोजांची आणि नंतर कदंबांची राजधानी. तिथल्या मुसळाला पोर्तुगीज म्हणाल?

रानवाटा

रेंज आली.

घोडेमोडणीचा विषय निघालाच आहे तर शिगम्यावरून, म्हणजे आमच्या होळीच्या सणावरून, एक राग काढून घेतो. आमच्याकडे शिगमो मांडावर नमन घालून सुरू होतो. सगळे पुरुष एकत्र येतात, देवाचं नाव घेतात, मग ढोल-ताशा, कांसाळं, आणि 'ओस्सय ओस्सय' करत घरोघर. प्रत्येक घरापुढे नाच, नारळ, आशीर्वाद. रोमटाचा, म्हणजे शिगम्याच्या मिरवणुकीचा, 'घणचे कटर घण' डोक्यात बसला की दोन दिवस जात नाही.

आता शहरात मिरवणुका निघतात. त्याला माझी ना नाही, आमची पोरंही बक्षिसासाठी जातात, तेवढाच कपड्यांचा खर्च निघतो. पण गेल्या वर्षी एका मोठ्या हॉटेलातून फोन आला. पाहुण्यांसाठी 'धालो शो' हवा, पंधरा मिनिटांचा, जेवणाच्या आधी, आणि शक्यतो ढोल घेऊन या, गाणं संथ वाटतं. मी म्हटलं, धालोला ढोल नसतो. पलीकडून विचारणा, 'मग थोडी फास्ट फुगडी?' आमच्या काकूला सांगितलं तर ती म्हणाली, मांड सोडून धालो कुठे जात नाहीत, त्यांना म्हणावं पौषात या, पाटावर बसा, चहा देऊ. आले नाहीत अर्थात.

लयवेडा

काकूंना नमस्कार सांगा. पण रानवाटा, फुगडीही मुळात देवाचीच हं. महालक्ष्मीपुढे कळशी फुंकत घालतात ती बघा. बायका फिरत फिरत कळशीच्या तोंडावर फुंकर मारतात आणि त्यातून घुमटासारखाच आवाज येतो. मातीचं घुमट पुरुषांकडे आणि धातूची कळशी बायकांकडे, अशी वाटणी कोणी केली देव जाणे.

पेडण्याची_पोर

लयवेडादादा, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं! म्हणजे आम्ही आतमध्ये घुमटच वाजवत होतो, फुंकून.

डिचोलीकर

सगळ्यांचे आभार. कामात होतो, आत्ता सगळं सलग वाचलं.

मधल्या काळात घडलेलं सांगतो. मीराताईंचा प्रतिसाद मोबाइलवर मित्राला वाचून दाखवला, रोसाचा आणि 1736 चा. तो मराठी वाचत नाही पण ऐकलेलं सगळं समजतं. कुडुबींचं ऐकून म्हणाला, परत वाच. मग त्याने त्याच्या घरातलं सांगितलं. त्याच्या आजीकडे घुमट होतं, पण तिच्या नवऱ्याला ते दिवाणखान्यात ठेवलेलं आवडायचं नाही, 'कुणब्यांचं वाद्य' म्हणून. मांडो गाताना बाहेर काढायचं आणि झाल्यावर स्वयंपाकघरामागे नेऊन ठेवायचं. म्हणजे आमच्याकडे माळ्यावर, त्यांच्याकडे मोरीजवळ.

शाळेच्या वहीचं काय करायचं ते ठरलं नाही. लेक म्हणते, परीक्षेत लिहिलेलंच लिहावं लागतं. तिला म्हटलं लिही, पण स्नेहसंमेलनात काकांना व्हायोलिन घेऊन बोलव.

कातड्याचं मात्र ठरलं. उरलेली घोरपड काढून टाकली, डिचोलीतल्या एका जाणत्या माणसाकडून शेळीचं आणलं. काल दुपारी आम्ही दोघांनी ओसरीवर बसून बसवलं. भिजवलेलं कातडं तोंडावर टाकून तो ओढत होता, मी सुंभ आवळत होतो. दोनदा निसटलं. आई खुर्चीत बसून सूचना करत होती, तिने आयुष्यात कधी घुमट बांधलेलं नाही तरीही. आत्ता पडवीत सुकायला ठेवलंय. सकाळी वाजवून पाहिलं तर आवाज अगदी मेलेला, उशीवर थापटल्यासारखा. बाहेर पाऊस. काही चुकलं का आमचं?

पेडण्याची_पोर

काही चुकलं नाही काका. पावसाळ्यात शेळीचं कातडं दमट हवा पितं. चुलीजवळ हातभर अंतरावर ठेवा, तोंड विस्तवाकडे, आणि अधूनमधून फिरवा. आमच्याकडे चवथीला सगळी घुमटं अशीच चुलीभोवती बसलेली असतात. फार जवळ ठेवू नका, तडकतं. आमच्या मामांनी एकदा दोन तडकवली होती आणि वर्षभर मामीवर ढकलत होते.

ठाणेकर_नाना

वाजलं की इथे ऑडिओ टाका. आणि डावा हात कोणाचा आहे तेही लिहा.